दारातल्या सपाता

पेप्का मावशीच्या घरात बूट घालून कोणी आत यायचं नाही. मग तो पोस्टमन असो, पाद्री असो की आज आलेले हे परदेशी पाहुणे. ओसरीत लाकडी बाक, बाकाखाली नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, जाडजूड सपातांची रांग, आणि रांगेच्या टोकाला मावशी, कमरेवर हात ठेवून उभी.

कर्नल हाराझने आपल्या बुटांकडे पाहिलं, मग मावशीकडे. "मी माझ्या जवानांसमोरसुद्धा बूट काढत नाही," तो दुभाषी ब्रिनाला आपल्या भाषेत म्हणाला.

ब्रिनाने ते मावशीला सांगितलं.

"त्याला म्हणावं, जवानांच्या बराकीत फरशी पुसायला मी जात नाही."

"मावशी म्हणतात, फरशी फार गार आहे, पाय गारठतील," ब्रिनाने कर्नलला सांगितलं.

कर्नलने बाकावर बसून नाड्या सोडल्या. त्याच्या मागे वाटाघाटीतल्या समोरच्या बाजूचे उपमंत्री ओस्मेल उभे होते, उंच आणि वाळकुडे, चष्म्यावर धुकं धरलेलं. त्यांनी मुकाट्याने पाय सपातांत सरकवले. मावशीने दोघांचे ओले बूट उचलले आणि स्वयंपाकघरातल्या भट्टीमागे वाळत ठेवून दिले.

मग ब्रिनाने वेताची टोपली पुढे केली. मोबाइल, घड्याळं, जे काही विजेवर चालत असेल ते सगळं यात. आधी पाहुण्यांच्या दोन्ही भाषांत सांगितलं, मग सोबत आलेल्या दारिंकाबाईंसाठी आपल्या भाषेत. "या घरात दुसरं कुठलंही यंत्र नाही. ऐकणारं नाही, टिपून घेणारं नाही. हा आमच्या देशाचा शब्द."

हे बोलताना तिचा डावा हात जाकिटाच्या खिशात होता, आणि त्या हाताखाली बाळावर लक्ष ठेवायचं यंत्र होतं. साबणाच्या वडीएवढं, पांढरं. आवाज अगदी शून्यावर केलेला, फक्त एक बारीकसा दिवा. उला झोपलेली असली की हिरवा, रडायला लागली की लाल.

उला नऊ महिन्यांची. वरच्या खोलीत मावशीच्या पलंगावर, चारी बाजूंनी उशा लावून निजवलेली. परवापासून तिचा कान ठणकत होता, काल ताप चढला होता. सकाळी उतरला, पण उतरलेला ताप दुपारी पुन्हा चढतो हे ब्रिनाला पाठ झालं होतं. यंत्र टोपलीत टाकावं असं तिच्या मनात आलं होतं, नाही असं नाही. हात निघालाच नाही.

दारिंकाबाई तिच्या खात्यातल्या वरिष्ठ. केस पांढरे, आवाज बसका, तीन युद्धं टेबलावर मिटवलेली आणि दोन न मिटलेली. वाटाघाटीची जागा त्यांनीच ठरवली होती. राजधानीतल्या हॉटेलात पत्रकार भिंतीला कान लावून बसतात, म्हणून सोल्चावा गावाच्याही वर, जिथे रस्ता संपतो तिथलं हे घर. ब्रिनाची मावशी, ब्रिनाची पोर आणि ब्रिना स्वतः, सगळं एकाच ठिकाणी. एवढ्याशा देशात दुसरं काय होणार!

"आज तू कोणाची बायको नाहीस," येताना गाडीत बाईंनी बजावलं होतं. "कळलं? त्यांना कळलं तर तुझा शब्द मेला. आणि आपल्याकडे शब्दाशिवाय आहे काय गं? ना तेल, ना तोफा."

"मग दुसरं कोणी न्या ना, बाई."

"कोणाला नेऊ? त्या दोन्ही भाषा नीट येणारे आपल्या देशात तिघं. एक न्यूमोनियाने दवाखान्यात आहे. दुसरी तू."

तिसरा टिलेन होता. ब्रिनाचा नवरा. दोघांची ओळखच त्या भाषांच्या वर्गात झालेली. आणि टिलेन आत्ता, या क्षणी, त्या पुलावर होता.

पूल म्हणजे कर्नल हाराझच्या आणि ओस्मेल यांच्या देशांमधला, नदीवरचा एकमेव उरलेला पूल. हिवाळाभर दोन्हीकडून तोफा चालल्या. दोन्ही बाजूंनी पलीकडची गावंच्या गावं उचलून कोंडली होती, एकीकडे शाळेत, दुसरीकडे शीतगृहात. म्हातारे, बायका, पोरं. महिन्यापूर्वी कसाबसा युद्धविराम झाला तो एकाच अटीवर: मध्ये कोणीतरी तिसरं उभं राहील. मोठ्या देशांवर दोघांचाही भरवसा नव्हता. म्हणून वीस लाख वस्तीच्या या देशातली चार माणसं पांढरी जाकिटं घालून पुलावरच्या जुन्या टोलच्या खोलीत जाऊन राहिली. हत्यार नाही. रोज शाळेत जायचं, शीतगृहात जायचं, प्रत्येकाला नावाने हाक मारायची, तोंड बघायचं. बस एवढंच काम.

"एवढ्याने काय होतं?" तिने विचारलं होतं.

"कोणीतरी उद्या पुन्हा बघायला येणार आहे म्हटलं की मारणारा जरा दमाने घेतो," टिलेन म्हणाला होता.

तो युद्धविराम आज दिवेलागणीला संपत होता. तो वाढला नाही तर दोन्हीकडच्या तोफा त्या पुलावरूनच बोलणार होत्या, आणि टिलेन तिथून हलायला तयार नव्हता. काल फोनवर त्याने तसं स्पष्ट सांगितलं. "आम्ही निघालो की त्या शाळेत काय होईल ते तुला माहीत आहे, ब्रिना."

"आणि तुझ्या पोरीचं काय होईल ते तुला माहीत आहे?"

फोनवर नुसता नदीचा आवाज येत राहिला.

मावशीच्या जेवणघरातल्या टेबलाभोवती दुपार घट्ट होत गेली. एका बाजूला कर्नल, दुसऱ्या बाजूला उपमंत्री, प्रत्येकामागे एकेक न बोलणारा मदतनीस, टोकाला दारिंकाबाई, आणि मधोमध ब्रिना. गंमत अशी की या दोघांना दुभाषी नकोच होता. तरुणपणी दोघं एकाच देशाचे नागरिक, एकाच सैन्यात नोकरी केलेले. एकमेकांची भाषा त्यांना ब्रिनापेक्षा चांगली येत होती. पण समोरच्याची भाषा समजते असं दाखवणंही आता कमीपणाचं झालं होतं. म्हणून कर्नल बोलला की ओस्मेल खिडकीबाहेरच्या सफरचंदाच्या झाडांकडे बघत बसायचे आणि ब्रिना बोलेपर्यंत चेहऱ्यावरची रेषही हलू द्यायचे नाहीत. ओस्मेल बोलले की कर्नल नखं न्याहाळायचा.

मावशीने सकाळी केलेले श्त्रुक्ली, ताज्या चीजचं सारण भरलेले ते उकडलेले रोल, मध्ये येऊन गेले. कर्नलने एकट्याने अर्धं ताट संपवलं. ओस्मेलनी हात लावला नाही. खिशातला दिवा हिरवा.

"उत्तरेच्या टेकडीवरून त्यांची माणसं उतरली पाहिजेत," कर्नल म्हणाला.

ब्रिनाने सांगितलं.

"टेकडी आमची आहे," ओस्मेल झाडांना उद्देशून म्हणाले.

ब्रिनाने सांगितलं.

हे किती वेळ चाललं होतं! ऊन समोरच्या कड्यावर चढत होतं, म्हणजे दरी सावलीत बुडत होती. तिकडे पूर्वेला तर याच्याही आधी अंधारतं. टिलेनने आता कंदील लावायला घेतला असेल.

कर्नलने एकदम तळहात टेबलावर टेकवले. "सांगा त्यांना. दिवेलागणीपर्यंत टेकडी रिकामी झाली नाही, तर मी पूल उडवीन. त्यावर कोण उभं आहे ते मी बघणार नाही."

पाण्याचा पेला उचलून ब्रिनाने एक घोट घेतला. सगळे तिच्याकडे बघत होते. शेवटी ती ओस्मेलकडे वळली आणि त्यांच्या भाषेत म्हणाली, "कर्नलसाहेब म्हणतात, टेकडीचा प्रश्न सुटला नाही, तर त्यांना पुलाबद्दल पुन्हा विचार करावा लागेल."

दुभाष्याने जे करू नये ते तिने केलं होतं, आणि ज्यांना दोन्ही वाक्यं समजत होती त्या दोघांसमोर केलं होतं. ओस्मेलनी पहिल्यांदाच झाडांवरची नजर काढून तिच्याकडे बघितलं. मग चष्मा पुसला. कर्नलही हलला नाही. "पुन्हा विचार करायला आमचीही हरकत नाही," ओस्मेल सावकाश म्हणाले.

एवढ्यात खिशात लाल दिवा लागला.

कापडातूनही तिला तो दिसला. उला. कान, किंवा ताप, किंवा उशीवरून घरंगळली. मावशी वर गेली आहे का? की भट्टीपाशीच? फक्त एकदा, बारीक आवाजात, मावशी जवळ आहे एवढं कळलं तरी पुरे. तिचा अंगठा यंत्राच्या कडेच्या चाकावर गेला. घामेजलेला अंगठा. चाक सर्रकन शेवटपर्यंत फिरलं.

आणि तिच्या खिशातून पेप्का मावशीचा आवाज खणखणीत बाहेर पडला. "...अगं, रडू नको माझी चिमणी, खाली दोन बागुलबुवा बसलेत! एक तो हाराझ, नाक बघ कसं, लाल ढोबळी मिरची! आणि दुसरा ओस्मेल, त्याला मेल्याला कोणी जेवायला घालत नाही वाटतं..."

तिने चाक उलटं फिरवलं. आवाज थांबला. पण त्या अनोळखी भाषेतली दोन नावं त्या दोघांनी नेमकी ऐकली होती.

कर्नलची खुर्ची मागे आपटली. "खिशात काय आहे?"

"ते... माझं..."

"टेबलावर ठेवा."

तिने ठेवलं. पांढऱ्या प्लास्टिकवर एक हसरं अस्वल होतं. दारिंकाबाईंनी डोळे मिटून घेतले.

"बाळाचं यंत्र आहे," ब्रिना म्हणाली. आधी एका भाषेत, मग दुसऱ्या. सवयच तशी. "माझी मुलगी वर झोपली आहे. आजारी आहे. ते फक्त तिकडचं इकडे ऐकवतं. इकडचं तिकडे जात नाही."

"आमची नावं घेऊन कोण बोलत होतं?"

"माझी मावशी. ती बाळाला... तुमच्याबद्दल सांगत होती."

"काय सांगत होती?"

ब्रिनाने दोघांकडे पाहिलं. आता खोटं बोलायचं त्राण नव्हतं. "की तुमचं नाक ढोबळी मिरचीसारखं आहे. आणि यांना कोणी जेवायला घालत नाही."

कर्नलने मान हलवली तसा त्याचा मदतनीस जिना चढून वर गेला. लाकडी पायऱ्या करकरल्या, वर मावशीचा तार सप्तकातला स्वर, मग रडणं. तो खाली आला आणि म्हणाला, "मूल आहे, साहेब. म्हातारीने मला उशी फेकून मारली."

"मूल काय, संशय येऊ नये म्हणूनही आणतात," कर्नल म्हणाला.

आणि इतका वेळ गप्प असलेले ओस्मेल हळूच म्हणाले, "बाळाचे वडील कुठे असतात?"

ब्रिनाने दारिंकाबाईंकडे पाहिलं. बाईंना भाषा येत नव्हती, पण चेहरे वाचण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी मान हलवली नाही, होकारार्थी नाही की नकारार्थी नाही. ते ओझं त्यांनी ब्रिनावरच ठेवलं.

"पुलावर," ती म्हणाली. "त्या चौघांतला एक माझा नवरा आहे."

भट्टीतलं लाकूड फुटल्याचा आवाज आला. मग कर्नल मोठ्याने बोलू लागला. हा देश तटस्थ म्हणे! दुभाषी बाई नवऱ्याचा जीव वाचवायला आमचे शब्द कातरून पुढे करते, आणि वर खिशात यंत्र! सही करायला आलो नाही, नाटक बघायला आलो इथे! ब्रिना ते ओस्मेलना सांगायला लागली, शब्द शब्द, काहीही न कातरता, कारण आता तेवढंच तिच्या हातात उरलं होतं.

"पुरे," ओस्मेल म्हणाले. तिला नव्हे. ते कर्नलकडे बघत होते, आणि बोलले ते कर्नलच्या भाषेत. "मला ऐकू येतं, हाराझ. मघाशीही आलं. तू म्हणालास पूल उडवीन. ही म्हणाली पुन्हा विचार करावा लागेल."

कर्नल त्यांच्याकडे वळला. "ऐकलंस तर बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर उत्तर द्यावं लागलं असतं. तसलंच उत्तर." ओस्मेलनी चष्मा काढला. "आणि तू? तुझं वाक्य तिने बदललं हे तुलाही कळलं. तू का नाही बोललास?"

कर्नलने नखांकडे पाहिलं. ब्रिना सवयीने ते वाक्य पुन्हा सांगायला गेली आणि मध्येच थांबली.

"या बाईंना बाहेर काढा," कर्नल शेवटी म्हणाला. "सगळ्यांनाच काढा. या यजमानांवर माझा विश्वास नाही."

"माझाही नाही," ओस्मेल म्हणाले.

आख्ख्या दिवसात दोघांचं एकमत झालं ते एवढ्या एका गोष्टीवर.

"पण या भिंतींमध्ये मी बोलणार नाही," कर्नल म्हणाला. "या भिंतींत काय काय पुरलंय कुणास ठाऊक." त्याने यंत्र उचललं, मागचं झाकण काढलं, बॅटऱ्या काढून आपल्या खिशात घातल्या आणि अस्वल टेबलावर पालथं ठेवलं. मग मागच्या दाराने तो बागेत गेला. ओस्मेल त्याच्यामागे. बूट भट्टीमागे होते. ते मागायला दोघांपैकी कोणी थांबलं नाही.

स्वयंपाकघरात दारिंकाबाईंनी खुर्ची ओढली आणि धपकन बसल्या. ब्रिनाने आत जे झालं ते सगळं सांगितलं, आपण बदललेल्या वाक्यासकट. बाईंनी ऐकून घेतलं.

"मी तुला उद्या या कामावरून काढणार आहे," त्या म्हणाल्या. "ते तुला कळतंय ना?"

"कळतंय, बाई."

"यंत्रासाठी. वाक्यासाठी काढलं असतं की नाही ते मला माहीत नाही. विचारू नकोस."

मावशी उलाला घेऊन खाली आली. पोरगी तापली नव्हती, नुसती भुकेली होती. ब्रिनाने खिडकीशी उभं राहूनच तिला पाजायला घेतलं. बाहेर सफरचंदाच्या बुंध्यांभोवती मार्चमधला शिळा बर्फ आणि चिखल. त्यातून दोन माणसं चालत होती, एक रुंद, एक उंच, पायांत मावशीच्या करड्या सपाता. कुंपणापर्यंत जायचे, वळायचे. कर्नल हात उडवत होता. ओस्मेल थांबले, बोट रोखून काही म्हणाले. कर्नलने त्यांच्याकडे पाठ फिरवली.

"आता गेलं," ब्रिना पुटपुटली.

"गप," बाई म्हणाल्या. "पाठ फिरवलीय, पण गेलाय का? नाही ना."

कर्नल खरंच गेला नव्हता. कुंपणाला टेकून तो उभा होता. पाय बदलत होता, एक वर, एक खाली. थंडी नमद्यातून आत शिरली असणार. कड्यावरचं ऊन आता टोकाशी पातळ पिवळं उरलं होतं. टोपलीत दोघांचे फोन मुके पडले होते. त्यातल्या एकावरून जरी वेळेत निरोप गेला नाही, तर तिकडे कोणी वाट बघणार नव्हतं. ब्रिना मनातल्या मनात टिलेनशी भांडत होती. ऊठ. त्या खोलीतून बाहेर पड. मग तिला शाळेत कोंडलेल्या, तिने कधी न पाहिलेल्या बाया दिसल्या, कडेवर उलाएवढी पोरं घेतलेल्या, आणि भांडण तोंडातच अडकलं. ऊठ असंही म्हणवेना, बस असंही म्हणवेना. उलाने दूध सोडलं आणि तिच्या बोटाला धरून ठेवलं.

"माझ्या सपाता!" मावशी काचेला नाक लावून कळवळली. "अरे मेल्यांनो, चिखलात!"

बागेत ओस्मेल चालत कुंपणापाशी गेले. आता दोघं शेजारी शेजारी उभे होते, डोंगराकडे तोंड करून. कोण बोलतंय ते दिसत नव्हतं. मग कर्नल वळला आणि झपाझप घराकडे यायला लागला, चिखल उडवत. ब्रिनाने उलाला छातीशी घट्ट धरलं.

दार उघडलं. कर्नल तिच्याकडे न बघता टोपलीपाशी गेला, फोन उचलला आणि पाठमोरा होऊन बोलला. मोजून दोन वाक्यं. ओस्मेल आत आले, त्यांनी स्वतःचा फोन उचलला. त्यांचं बोलणं थोडं लांबलं. "टेकडीवरून खाली. हो, आजच," एवढं तिने ऐकलं. "आणि शाळेतली माणसं उद्या सकाळी सोडायची. ते शीतगृह रिकामं करतायत." मग जरा थांबून, "नाही, ते चौघं राहू देत. सगळी माणसं पलीकडे पोचेपर्यंत राहू देत."

ब्रिनाने हे कोणासाठीही भाषांतरित केलं नाही. बाईंनी तिचा चेहरा वाचला आणि खुर्चीच्या पाठीला डोकं टेकवलं.

ओसरीत बूट घालताना कर्नलने वर पाहिलं. "पुढची बैठक दुसऱ्या देशात," तो म्हणाला. "आणि ही बाई नको."

"नको," ओस्मेलनी दुजोरा दिला. मग ताटात उरलेला श्त्रुक्लीचा एक तुकडा त्यांनी उभ्या उभ्या तोंडात टाकला आणि मावशीकडे बघून मान लववली.

गाड्या वळणावर दिसेनाशा झाल्यावर ब्रिनाने आपला फोन टोपलीतून काढला. तो तिच्या हातातच वाजला.

"ब्रिना?" टिलेनच्या मागे नदी होती. "अगं, इथे काहीतरी विचित्र चाललंय. टेकडीवरून माणसं उतरतायत. आणि शाळेत दिवे लावलेत, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. तिकडे काय झालं?"

मावशी भट्टीपुढे उकिडवी बसून चिखलाने लडबडलेल्या दोन जोड्या पिळत होती आणि दोन्ही देशांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. पालथं पडलेलं अस्वल उचलून ब्रिनाने सरळ केलं. बॅटऱ्या कर्नलबरोबर गेल्या होत्या. आज सारखं जिना चढून बघायला लागणार होतं.

"काही नाही रे," ती म्हणाली. "मावशीच्या सपाता भिजल्या."